भावाला घेऊन आठ शनिवार: चर्च सोडलेल्यांसाठीच्या कोर्सबद्दल

सगळ्यात आधी निकाल सांगते, ज्यांना तेवढाच हवाय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. माझा भाऊ परत आला नाही. तरी मी पाचपैकी तीन स्टार देतेय आणि ते तीन कशाचे, दोन कुठे गेले ते नीट लिहिते, कारण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत आता असं घर सापडणं कठीण झालंय जिथे एखादा मुलगा किंवा मुलगी "मी नाही येणार, तुम्ही जा" म्हणत नाही, आणि मी जाऊन आले हे कळल्यापासून चार जणांच्या आयांनी मला फोन करून विचारलंय की पाठवू का गं आमच्याला.

चर्चचं नाव लिहीत नाही. खाली एक तक्रार आहे आणि ती एका माणसाच्या एका संध्याकाळची आहे, सगळ्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, नाही. मध्य मुंबईत, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, जुनी दगडी इमारत, हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर गुडघेदुखीवाल्यांनी आधी विचारून घ्या, खालच्या वर्गात बसायची सोय करतात पण न मागता करत नाहीत. आठ शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेआठ. शनिवार ठेवलाय ते उत्तम केलंय, रविवारी मेगाब्लॉक असला की कल्याण-डोंबिवलीचा माणूस निघतच नाही घरातून. फी माणशी सहाशे, त्यात पुस्तिका, चहा आणि नाश्ता. आमचे दोघांचे बाराशे आईने नगरहून पाठवले, पेन्शनमधून, आणि मला बजावून सांगितलं की त्याला सांगू नकोस मी दिलेत म्हणून. त्याला पहिल्या दिवशीच कळलं.

चहा छान असतो, आलं घातलेला, आणि वडे गरम असतात. हे मुद्दाम लिहितेय, कारण पहिल्या वीस मिनिटांत कोणीही देवाबद्दल एक शब्द काढत नाही, फक्त कुठून आलात, ट्रेन मिळाली का, अजून एक वडा घ्या. माझा भाऊ जो चर्चच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हता तो पहिल्या शनिवारी त्या वड्यांवर दोन अनोळखी माणसांशी लोकलच्या डब्यातल्या चौथ्या सीटबद्दल बोलत उभा होता, मी लांबून बघत होते आणि मला रडू येत होतं.

त्यानंतर पस्तीस मिनिटांचा व्हिडिओ. परदेशात बनलेला, मराठीत डब केलेला. आवाज स्पष्ट आहे पण मराठी अशी की कोणी बोलत नाही तसली, आणि उदाहरणं सगळी तिकडची, बर्फात अडकलेली गाडी, लाकडाची केबिन वगैरे. मग टेबलावर सहा-सहा जणांचा गट, प्रत्येक टेबलाला एक टेबलप्रमुख, आणि चर्चा.

पहिल्या व्हिडिओत आकडे होते. अमेरिकेत 2007 मध्ये 78 टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवायचे, 2023-24 मध्ये ते 62 टक्क्यांवर आलेत. जर्मनीत 2022 या एका वर्षात 5 लाखांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं, तिकडे चर्चचा टॅक्स पगारातून कापला जातो त्यामुळे सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन तशी नोंद करावी लागते, म्हणून आकडा नेमका मिळतो. आपल्याकडे असलं काही नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यात मराठी बोलणारे किती, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतातच. इथे कोणी सोडून गेलं म्हणून फॉर्म भरत नाही. आधी संडे स्कूलला शिकवणं बंद होतं, मग फक्त नाताळ आणि गुड फ्रायडे, मग वर्गणी थकते, आणि नाव रजिस्टरात तसंच राहतं. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, व्हिडिओनंतर उठून सांगितलं की अमेरिकेतच 2009 मध्ये एका पाहणीत चर्च सोडून कुठल्याच धर्मात न गेलेल्या कॅथलिकांना विचारलं तेव्हा दहातल्या सातांनी सांगितलं की आम्ही हळूहळू लांब गेलो, आणि बहुतेकांनी वयाच्या चोविशीच्या आत सोडलं होतं. हे ऐकताना हॉलमधले सगळे आईबाप खाली बघत होते.

आता आमचं टेबल. हेच खरं सांगायचंय मला.

एक बेस्टचे रिटायर्ड ड्रायव्हर, सगळे त्यांना काका म्हणायला लागले. एक सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलातली सिस्टर, पन्नाशीच्या. एक बावीस वर्षांचा मुलगा, नगर जिल्ह्यातला, विक्रोळीला मामाकडे राहून शिकणारा. माझा भाऊ, एकोणचाळीस, इंजिनिअर. मी. आणि टेबलप्रमुख, तिशीतला, आयटीत नोकरी, अतिशय सभ्य मुलगा, दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला.

पुस्तिकेत पहिल्या पानावर लिहिलंय की हा कोर्स "विश्वासापासून दूर गेलेल्यांसाठी" आहे. ठीक. पण दूर गेलेले म्हणजे नक्की कशापासून, ते आठ आठवड्यांत पुस्तिका एकदाही विचारत नाही. आमच्या टेबलावर ते आपोआप निघालं, दुसऱ्या शनिवारी, काकांमुळे.

काकांची बायको वारली सहा वर्षांपूर्वी. त्यांच्या तेव्हाच्या चर्चमध्ये, हे चर्च नाही, दुसरं, पंचकमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या, माणसाने दफनाच्या जागेआधी थकलेल्या वर्गणीचा हिशोब काढला. बॉडी हॉस्पिटलमध्ये, पाहुणे गावाहून निघालेले, आणि हे रजिस्टरवर बोट ठेवून बसलेत. काकांनी पैसे भरले, बायकोला माती दिली आणि त्या दिवसापासून चर्चची पायरी चढले नाहीत. टेबलप्रमुखाने विचारलं, मग देवावरचा विश्वास कधी कमी झाला तुमचा? काका म्हणाले, "बाळा, मी रोज पहाटे साडेचारला उठून शास्त्र वाचतो. मी कुठे सोडलं देवाला?" त्या मुलाला पुढे काय विचारायचं ते कळेना कारण पुस्तिकेत पुढचा प्रश्न होता की देव आहे याचे कोणते पुरावे तुम्हाला पटतात.

सिस्टरची गोष्ट वेगळी. त्यांच्या बहिणीला कॅन्सर होता, घरच्यांनी एका आरोग्यदानाच्या सभेला नेलं, मैदानावरची मोठी सभा, आणि स्टेजवरच्या माणसाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बरं वाटलं नाही तेव्हा सांगितलं की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय. बहीण गेली. त्यांच्या आईने मरेपर्यंत हा हिशोब लावला की तो कमी पडलेला विश्वास कोणाचा होता. सिस्टर वॉर्डात रोज माणसं मरताना बघतात, त्या म्हणाल्या मला मरणाचं काही वाटत नाही, पण ते वाक्य मी माफ करू शकत नाही.

आणि तो बावीस वर्षांचा मुलगा. हा विषय आपल्या घरांत दार लावून बोलतात, मी उघड लिहितेय. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना, ख्रिस्ती माणसाला आजही नाही. नगर, औरंगाबाद, जालना भागातली आपली किती घरं त्या समाजातून आलेली आहेत हे सगळ्यांना माहितीय. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने वागणूक बदलली का? विहीर तीच, वस्ती तीच, फक्त सवलत गेली. ह्या मुलाच्या आजोबांनी कागदावर हिंदू लिहून ठेवलं, वडिलांनी तेच चालवलं, तो चर्चमध्ये वाढला, पेटी वाजवतो, आणि दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद करून घ्यायच्या विधीच्या, वेळी कोणीतरी त्याच्या जातीच्या दाखल्याचा विषय काढला आणि भर मीटिंगमध्ये विचारलं की तू नक्की कोणाचा. तो उठून गेला आणि परत गेला नाही. म्हणजे "दूर गेलेल्यांच्या" यादीत हा, आणि टेबलावर सगळ्यात जास्त भजनं पाठ कोणाची तर ह्याची.

ह्या तिघांना "पटवायचं" काय? देव आहे हे? ते तर त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय. त्यांच्याकडे जायचं असेल तर आधी कोणीतरी म्हणायला हवं की चुकलं आमचं. व्हिडिओत तेवढं सोडून सगळं आहे.

माझ्या भावाचं मात्र खरंच तुटलंय, देवाशीच. तो अठरा वर्षांचा होता. 26 डिसेंबर 2004, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार, आम्ही उपासनेहून येऊन फराळाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसलेलो, करंज्या, अनारसे, सगळं आईच्या हातचं, आणि त्सुनामीच्या बातम्या सुरू झाल्या. मग तमिळनाडूतल्या वेलंकनीचं, मेरीमातेच्या तीर्थाचं, कळलं, नाताळला तिथे यात्रेला आलेले लोक किनाऱ्यावर होते, शेकड्यांनी वाहून गेले. आम्ही सगळे रडलो, प्रार्थना केली, त्याने नाही केली, तो ताट ठेवून आत गेला. मला वाटलं वय आहे, जाईल. वीस वर्षं झाली.

त्याने हे चौथ्या शनिवारी टेबलावर सांगितलं. मी त्याची सख्खी बहीण आणि मला ताटाचं आठवत होतं, पण त्यामागचं पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला की 1755 मध्ये लिस्बनला भूकंप झाला तो पण सर्व संतांच्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, आणि चर्चं त्यांच्या अंगावर पडली, तेव्हापासून युरोपातले लोक हाच प्रश्न विचारतायत, मी काही नवीन विचारत नाहीये, पण मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. पुस्तिकेत दुःखाच्या प्रश्नाला अर्धं पान दिलंय. अर्धं पान! त्यात म्हटलंय की देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली म्हणून जगात वाईट घडतं. भाऊ शांतपणे म्हणाला, खून करणाऱ्याबद्दल हे मला पटतं, पण समुद्राच्या तळाला कुठली आलीय इच्छा.

त्याच दिवशीच्या व्हिडिओत सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाची गोष्ट होती, लहानपणी ख्रिस्ती, शाळकरी वयात विश्वास सोडला, मग ऑक्सफर्डला प्राध्यापक झाल्यावर 1931 मध्ये परत आला. व्हिडिओवाल्याने ती अशी सांगितली की जणू बुद्धिवादाचा विजयच. पण त्यातच बघा ना, सप्टेंबरची रात्र, दोन मित्रांबरोबर फिरत फिरत पहाटेपर्यंत बोलणं, त्यातला एक 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन, आणि ती मैत्री काही त्या रात्रीची नव्हती, वर्षांची होती. आणि माझ्या भावाने लगेच दुसरं नाव काढलं, चार्ल्स टेम्पलटन, बिली ग्रॅहम या प्रसिद्ध अमेरिकन प्रचारकाचा जोडीदार, स्टेडियम भरवणारा प्रचारक, 1957 मध्ये जाहीरपणे सांगितलं की आता माझा विश्वास नाही, आणि 2001 मध्ये वारला तोपर्यंत परत आला नाही. बिली ग्रॅहमसारखा मित्र असून नाही आला. तेव्हा मित्र असला की येतोच असंही म्हणता येत नाही, हे मला त्या रात्री घरी जाताना कुर्ल्यापर्यंत छळत होतं.

आता तक्रार. पाचवा शनिवार.

टेबलप्रमुखाने घरून तयारी करून आणली होती. बायबलातलं इब्री लोकांस पत्र, अध्याय 6, वचनं 4 ते 6. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी देवाच्या वचनाची रुची घेतली आणि मग जे पतन पावले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असा त्याचा अर्थ. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर माझ्या भावाकडे बघितलं. फक्त बघितलं. पण सगळ्या टेबलाला कळलं.

भाऊ म्हणाला, "तुम्ही म्हणताय तसं असेल तर माझं काही होणं शक्यच नाही, मग मला आठ शनिवार बोलावलंत कशाला?" मुलगा गडबडला, म्हणाला मी इशारा म्हणून वाचलं. भाऊ उठला, खुर्ची नीट आत सरकवली, काकांना नमस्कार केला आणि गेला. सहाव्या शनिवारी आला नाही.

मी भयंकर चिडले होते. अजूनही चिडलेय. शास्त्र मी पण वाचते. ते पत्र छळाला कंटाळून मागे फिरायच्या बेतात असलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलंय, आणि त्याच अध्यायात अजून तीन वचनं पुढे गेलं की नवव्या वचनात लिहिणारा त्याच लोकांना प्रियजनहो म्हणून सांगतो की आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल याहून चांगल्या गोष्टींची आमची खात्री झालीय. सहाव्या वचनावर पुस्तक मिटायचं आणि समोरच्याकडे बघायचं, ह्याला काय म्हणायचं? यहूदाच्या पत्रात, एका अध्यायाचं तर पत्र ते, बाविसाव्या वचनात सरळ आहे की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. ते का नाही वाचलं? आणि ह्याच हॉलमध्ये, दोनच आठवड्यांपूर्वी, पाळकसाहेबांनी ह्याच विषयावर इतकं सुंदर सांगितलं होतं, हा मुलगा तेव्हा कुठे होता कोण जाणे.

ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या शनिवारी प्रोजेक्टर बंद पडला आणि त्यामुळे आठातला सगळ्यात चांगला तास मिळाला. पाळकसाहेब हातात काही न घेता बोलले. रोमन सम्राट डेशियस, साल 250, हुकूम निघाला की प्रत्येकाने दैवतांना यज्ञ करायचा आणि तसं प्रमाणपत्र घ्यायचं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसतं प्रमाणपत्र मिळवलं, काही जण मेले. वर्ष-दीड वर्षाने छळ थांबला आणि जे घसरले होते ते दारात येऊन उभे राहिले, आम्हाला परत घ्या. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा एक धर्मगुरू म्हणाला अजिबात नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्याने आणि इतर बिशपांनी बसून ठरवलं की घ्यायचं, पण घाई नको, कोणी खरंच यज्ञ केला आणि कोणी नुसता कागद घेतला ते वेगळं बघायचं, आणि प्रायश्चित्त झाल्यावर दार उघडायचं. नोव्हेशियनची माणसं वेगळी झाली. पाळकसाहेब म्हणाले, सतराशे वर्षांपूर्वी पण आधी चौकशी केली होती की कोणाचं काय झालं ते. कागदाचा विषय निघाला तसा तो बावीस वर्षांचा मुलगा एकदम ताठ बसला. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं पण नाही, नाव पण घेतलं नाही, पण मुलगा त्या दिवशी निघताना पेटीजवळ गेला, भाता उघडून बघितला आणि म्हणाला दोन सूर बसलेत, मी दुरुस्त करून देऊ का.

त्याच दिवशी परतीच्या ट्रेनमध्ये काका आमच्याबरोबर होते, गर्दी कमी होती, आणि काकांनी नारायण वामन टिळकांचा विषय काढला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला एवढा मोठा माणूस, आपण ज्यांची भजनं म्हणत वाढलो, त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे त्यात चालतील म्हणून. दोनच वर्षांत वारले. काका म्हणाले, त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्त नाही सोडला, तेव्हाही लोकांना ते दोन वेगळे करता येत नव्हते. भाऊ गप्प ऐकत होता. ठाण्याला म्हणाला, काका पण मी दोन्ही सोडलंय. काका म्हणाले माहितीय रे, तू पुढच्या शनिवारी ये.

तर सहावा शनिवार भावाविना. मी एकटी गेले, पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, खूप बोलले, आवाज पण चढला माझा. त्यांनी ऐकून घेतलं आणि फक्त पत्ता मागितला. सोमवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला, साठीचा माणूस स्लो लोकलने डोंबिवलीला गेला. भावाने मला नंतर फोनवर सांगितलं. आधी त्यांनी माफी मागितली, टेबलप्रमुखाच्या वतीने नाही, मी त्याला तिथे बसवलं म्हणून माझी चूक, असं. भावाने चहा केला. मग त्यांनी सांगितलं की तुमच्या प्रश्नाला पुरेल असं उत्तर माझ्याकडे नाही. बायबलातल्या ईयोबावर काही चूक नसताना संकटं कोसळली, त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं, मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच म्हणतो की माझ्याबद्दल तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब तर अख्खं पुस्तकभर देवाशी भांडतोय. भाऊ म्हणाला, ताई, मला शास्त्रात हे आहे हेच माहीत नव्हतं, आपल्याला संडे स्कूलमध्ये फक्त त्याची सहनशीलता शिकवली.

सातव्याला तो आला. विश्वास ठेवून नाही, तसं त्याने स्पष्ट सांगितलं सगळ्यांना, की मी अजून तिथेच आहे, पण चर्चा करायला मला आवडतं. टेबलप्रमुख बदलला होता, आता पाळकसाहेबांच्या मिसेस बसायला लागल्या, त्या फार बोलत नाहीत, वही पण आणत नाहीत. त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा मनमोकळं बोलल्या. त्यांनी येशूच्या शिष्याचं, पेत्राचं काढलं. पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं ते कोळशाच्या शेगडीशी हात शेकत असताना, आणि योहानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू किनाऱ्यावर परत कोळसे पेटवून बसलाय, वर मासळी आणि भाकर. सिस्टर म्हणाल्या, रात्रपाळी करून आलेली माणसं होती ती, रात्रभर जाळी टाकून, आणि तो त्यांना म्हणतो या, न्याहारी करा. खाऊन झाल्यावर विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला काय लागतं ते त्याला माहीत होतं. मी पन्नास वेळा हा अध्याय वाचलाय आणि असा कधी वाचला नव्हता.

आठवा शनिवार जेवणाचा, मटण आणि वडे, उत्तम, रांगा लावायला लागल्या तरी पुरलं सगळ्यांना. शेवटी कमिटीच्या एका माणसाने माइकवर सांगितलं की यावेळी आमच्या बॅचमधून तीन जण विश्वासात परत आले, टाळ्या. त्या तीनमध्ये काका आणि पेटीवाला मुलगा धरले होते. हे मला आवडलं नाही. काका परत आले हे खरं, आता दर रविवारी तिसऱ्या बाकावर असतात, पण कशाने आले ते मला माहितीय. पाचव्या आठवड्यात पाळकसाहेब फुलं आणि मेणबत्त्या घेऊन त्यांच्याबरोबर बायकोच्या कबरीवर गेले, दुसऱ्या चर्चच्या दफनभूमीत, आणि तिथे उभं राहून म्हणाले की त्या दिवशी जे झालं ते मंडळीने करायला नको होतं. बस. काकांना कोणी काही पटवलं नाही, त्यांचं देणं होतं मंडळीवर ते कोणीतरी फेडलं. आणि मुलगा तर गेलाच नव्हता कुठे, त्याला बाहेर उभं केलं होतं. सिस्टर अजून कुठल्याच चर्चला जात नाहीत पण दर बुधवारी पाळकसाहेबांच्या मिसेसना फोन करतात.

तर ज्यांनी विचारलंय त्यांना माझं उत्तर. मुलगा चर्चच्या भांडणाला, ट्रस्टच्या जमिनीच्या कोर्टकचेऱ्यांना, पाळकांच्या बदल्यांच्या राजकारणाला कंटाळून गेला असेल तर जरूर पाठवा, इथली माणसं चांगली आहेत, ती त्याला सांभाळतील. लग्नावरून दुखावलेली मुलगी असेल, नवरा हिंदू आहे म्हणून मंडळीने तोंड फिरवलं असेल, तर नवऱ्यालाही घेऊन पाठवा, आमच्या बाजूच्या टेबलावर असं एक जोडपं होतं आणि त्या जावयाला कोणी बाप्तिस्म्याबद्दल विचारलं नाही. पण तुमचा मुलगा माझ्या भावासारखा असेल, वाचणारा, खरंच प्रश्न असलेला, तर पुस्तिकेच्या भरवशावर पाठवू नका, ती त्याला दहा मिनिटं पुरत नाही आणि मग त्याला वाटतं की आपल्याकडे एवढंच आहे. त्याच्यासाठी आधी पाळकसाहेबांशी बोला, त्यांना वेळ मागा, ते देतात. आणि कृपा करून घरी आल्यावर "मग, काय ठरलं?" विचारू नका. आईने विचारलं होतं, दुसऱ्या आठवड्यात, आणि तो आठवडाभर फोन उचलत नव्हता.

भाऊ परत आलेला नाही हे मी वर लिहिलंय. मला दुःख आहे त्याचं, लपवत नाही, मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि त्याला ते माहितीय, तो म्हणतो कर ताई, मला राग नाही. काका आणि तो महिन्यातून एकदा डोंबिवली स्टेशनबाहेर चहाला भेटतात. ईयोबाचं पुस्तक त्याने पूर्ण वाचलं, बेचाळीसच्या बेचाळीस अध्याय, आणि मला मेसेज केला की शेवटी देव बोलतो पण का ते सांगतच नाही. मी अजून त्याला उत्तर लिहिलेलं नाही. विचार करतेय.

पुढची बॅच उपवासकाळ संपल्यावर, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारपासून. मला टेबलावर मदतीला बोलावलंय. मी दोन गोष्टी लेखी दिल्यात. एक, पहिल्या शनिवारी व्हिडिओ नको, प्रत्येकाला फक्त एवढं विचारा की तुम्ही नक्की काय सोडलंत, देव, मंडळी, की घर, आणि टेबलं त्याप्रमाणे लावा. हे त्यांनी मान्य केलं. दुसरी, इब्री सहावा अध्याय वाचायचा तर नवव्या वचनापर्यंत वाचायचा आणि ज्याने अजून आपली गोष्ट सांगितलेली नाही किंवा नुकतीच सांगितलीय त्याच्यासमोर तर वाचायचाच नाही. ह्यावर कमिटीची मीटिंग व्हायचीय. काय ठरतं ते कळलं की इथेच खाली लिहीन, आणि हो म्हणाले तर चौथा स्टार पण देईन.